उपोषणाचा जमाखर्च

नाथषष्ठीची यात्रा आटोपून गोदाकाठ मोकळा झाला आणि ऊन चढू लागले की आपल्या गावी व्याख्यानांचे दिवस येतात. यंदा चालकांनी आम्हांस बोलावले ते कामगार चळवळीवर बोलण्यासाठी. आम्ही विषय कळवला तो उपोषणात माणसाच्या अंगावरची चरबी आणि मांस कसे खर्ची पडते, हा. चालक थोडे बिचकले. डॉक्टरांचा विषय युनियनवाल्याने का घ्यावा, असे त्यांस वाटले असणार आणि ते चूकही नव्हे. आमचे शाळेतले शिक्षण नववीत संपले. पुढचे जे काही ते वाचनालयात आणि कारखान्याच्या गेटवर झाले. पण उपोषणाला माणसे बसवण्याचे काम आम्ही तीस वर्षे करीत आलो आहोत. ज्या मालाचा व्यवहार करायचा त्याचा भाव तरी माणसास ठाऊक असावा. तो भाव आम्हांस फार उशिरा कळला. कसा कळला, ते पुढे येईलच.

पैठणच्या माणसाला उपास नवा नाही. एकादशी घरोघर आहे, आणि 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हणही घरोघर आहे. साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी यांच्यावर काढलेल्या दिवसाला शरीर उपास मानीत नाही. त्याच्या दृष्टीने तो जेवणाचाच दिवस. दुसरी उपासमार न मागता आलेली. १६३० ते १६३२ च्या दुष्काळाने सारे दख्खन उजाड केले. जुने राहू द्या, १९७२ चा दुष्काळ सांगणारी माणसे अजून आपल्यात बसली आहेत. आमचा जन्म त्याच्याच आगेमागे झाला. आमची माय तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडायला जात असे. वाटपाची सुकडी आणि परदेशातून आलेला तांबडा मिलो, एवढ्यावर दिवस निघे. ती सांगायची, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या आणि पायावर मात्र सूज यायची. एकाच अंगाचा एक भाग वाळतो आणि दुसरा सुजतो, हे कोडे आम्हांस लहानपणी सुटले नाही. ते सोडवण्यास जगातल्या विद्वानांनाही शंभरावर वर्षे लागली.

हा इतिहास समजण्यासाठी शरीराची तिजोरी आधी उघडून पाहू. कुणब्याच्या घराचीच उपमा घेऊ. माणसाच्या अंगात साठा तीन ठिकाणी असतो. पहिला म्हणजे कनवटीला बांधलेले सुटे पैसे. यकृतात साठवलेली ही साखर फार तर शंभर ग्रॅम असते आणि एक दिवस उलटेपर्यंत संपत येते. स्नायूंतही अशी साखर आहे, यकृतापेक्षा जास्त आहे, पण ती त्या त्या स्नायूच्या घरखर्चाची. रक्तात ओतून दुसऱ्या अवयवाला ती उसनी देता येत नाही. दुसरा साठा चरबीचा, म्हणजे कणगीतले धान्य. एक किलो शुद्ध चरबीतून सुमारे नऊ हजार उष्मांक मिळतात. धडधाकट सत्तर किलोच्या माणसाच्या अंगावर बारा-पंधरा किलो चरबी असते. तिसरा साठा मांसाचा. यास साठा म्हणणेच खरे तर चूक आहे. ते घराचे वासे आणि आढे आहेत. थंडीत अडलेल्या माणसाने वासे जाळून शेक घेता येतो, परंतु ज्या घरात बसून शेकायचे ते घर तेवढे कमी होते.

आता प्रश्न असा की कणगी भरलेली असताना शरीर वाशांना हात का लावते? कारण मेंदू हा मोठा हट्टी पाहुणा आहे. त्यास दिवसाला शंभर-एकशेवीस ग्रॅम साखर लागते आणि चरबी जशीच्या तशी त्याच्या पानात वाढता येत नाही. चरबीपासून साखर करण्याची कला माणसाच्या शरीराला जवळजवळ नाही. चरबीच्या रेणूचा एक लहानसा तुकडा तेवढा साखर होतो. उलट मांसातल्या प्रथिनांपासून यकृत साखर घडवू शकते. म्हणून यकृतातले सुटे पैसे संपले की पहिले काही दिवस शरीर मेंदूसाठी वासे उपसते. रोज सुमारे पाऊणशे ग्रॅम प्रथिने, म्हणजे ओले मांस धरल्यास तीनशे ग्रॅमच्या आसपास. मेंदूने हाच खुराक महिनाभर चालवला असता तर धडधाकट माणूसही तीन आठवड्यांत कोसळला असता. पण उपोषणे त्याहून पुष्कळ जास्त चालली आहेत. तेव्हा मध्येच कोठेतरी शरीर आपला व्यवहार बदलत असले पाहिजे. तो बदल कोणता, हेच त्या कोड्याचे मर्म होते.

शोध कसा लागत गेला ते थोडक्यात सांगतो. फ्रान्सच्या क्लॉड बर्नार यांनी १८५०च्या दशकात यकृतातली साठवणीची साखर हुडकली. १८६०च्या दशकात म्युनिकच्या कार्ल व्हॉइट यांनी एका मांजराला तेरा दिवस उपाशी ठेवून त्याचा अवयववार हिशेब केला. चरबी ९७ टक्के गेली होती, स्नायू ३१ टक्के, आणि हृदय व मेंदू मात्र तीन-तीन टक्केच घटले होते. मांजराचे हाल वाचताना वाईट वाटते. तरीही शरीर अवयवांमध्ये भेदभाव करते, धन्याला राखून गड्याला राबवते, हे प्रथमच आकड्यांत आले. आम्हां युनियनवाल्यांना ही रीत ओळखीची वाटली, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

पुढे १९१२ साली बोस्टनच्या पोषण प्रयोगशाळेत फ्रान्सिस बेनेडिक्ट यांनी माल्टा बेटाच्या लेव्हान्झिन नावाच्या गृहस्थास ३१ दिवस केवळ पाण्यावर ठेवले. रोजचे वजन, श्वास, लघवीतला नत्र, सारे मोजले. नत्र हे प्रथिनांचे उरलेले कोळसे आहेत. ते मोजले की किती मांस जळाले ते कळते. त्याचे वजन साडेसाठ किलोंच्या आसपास होते, ते साडेसत्तेचाळीसच्या खाली आले. नत्र चौथ्या दिवशी सर्वांत जास्त, सुमारे बारा ग्रॅम होता. पुढे उतरत उतरत शेवटच्या दिवशी सातच्या आसपास आला. म्हणजे शरीर मांसाचा खर्च आखडता घेते, हे दिसले. पण मेंदूची साखर कोठून भागते, हे दिसले नाही.

ते उघड झाले १९६७ साली, पुन्हा बोस्टनमध्येच. जॉर्ज काहिल आणि त्यांचे तरुण सहकारी ऑलिव्हर ओवेन यांनी वजन उतरवण्यासाठी पाच-सहा आठवडे उपास करणाऱ्या तीन लठ्ठ रुग्णांच्या मेंदूकडे जाणारे व मेंदूकडून परतणारे रक्त तपासले. मेंदू साखर सोडून दुसरेच काही खात होता. चरबी जळताना यकृतात जे कीटोन नावाचे पदार्थ तयार होतात त्यांवर त्याचा दोन-तृतीयांश खर्च भागत होता. उपाशी माणसाच्या तोंडाला जो सडक्या फळासारखा वास येतो तो याच कुळातल्या ॲसिटोनचा. तोवर वैद्यकात या पदार्थांकडे मुख्यतः मधुमेहाच्या गंभीर अवस्थेची खूण म्हणून पाहत. उपासात तेच मेंदूचे अन्न होते. हट्टी पाहुणा दोन-तीन आठवड्यांत घरच्या भाकरीला सरावतो आणि मग मांसाची रोजची तोड पाऊणशे ग्रॅम प्रथिनांवरून विसेक ग्रॅमवर येते. या बदलामुळेच माणूस महिना-दोन महिने निघू शकतो.

आता हे ज्ञान हाती घेऊन आपल्याकडची उपोषणे पाहू. आजवर आम्ही ती फक्त दिवसांनी मोजली. कोणी सहा दिवस, कोणी एकवीस, कोणी त्रेसष्ट. पण शरीराच्या वहीत सगळे दिवस सारख्या किमतीचे नाहीत.

कामगारांच्या झगड्यात गांधीजींनी उपोषण केले ते अहमदाबादच्या गिरणी संपात, मार्च १९१८ मध्ये. पगारात ३५ टक्के वाढीची मागणी होती आणि उपोषण तीन दिवस चालले. तीन दिवसांत कनवटीचे पैसे संपतात आणि वाशांना हात लागतो, एवढेच. पुढे पुण्यात, येरवड्याच्या तुरुंगात, २० सप्टेंबर १९३२ रोजी सुरू झालेले उपोषण २६ तारखेस सुटले. अवघे सहा दिवस, पण त्यातच प्रकृती अशी ढासळली की देश हादरला. बासष्ट वर्षांचा, अंगावर मुळातच चरबी थोडी असलेला देह, त्यात सारखी माणसे, सारखी बोलणी. २४ तारखेस पुणे करार झाला. त्या कराराचे राजकारण हा आजचा विषय नव्हे. मात्र उपोषणाचे ओझे बसणाऱ्याच्या पोटावर जितके असते तितकेच समोरच्याच्या मानेवर असते, आणि ते डॉ. आंबेडकरांच्या जागी उभे राहून पाहिल्याखेरीज समजत नाही, एवढे सांगून पुढे जातो.

सहा दिवसांत जो देह इतका खचला तोच १९३३ च्या मे महिन्यात पुण्यातच पर्णकुटीत एकवीस दिवस टिकला, आणि १९४३ साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, आगाखान पॅलेसच्या स्थानबद्धतेत पुन्हा एकवीस दिवस टिकला. हे कसे, असे पुष्कळांना वाटे. आमच्या समजुतीप्रमाणे एक कारण असे की पहिला आठवडा सर्वांत महागाचा असतो. क्षार आणि पाणी भराभर निघून जाते, मांसाची तोड शिगेला पोचते, आणि कीटोनांवर मेंदू अजून सरावलेला नसतो. दुसरे कारण विश्रांतीचे. १९४३ चे उपोषण आरंभापासूनच शक्तीच्या मर्यादेत राहून करायचे ठरले होते. १० फेब्रुवारीला सुरू होऊन ते ३ मार्चला सुटले. एकविसाव्या-बाविसाव्या तारखेच्या सुमारास पोटात पाणी ठरेना, तेव्हा पाण्यात मोसंबीचा रस थोडा घालून देण्यात आला आणि पारडे फिरले. दिल्ली आणि लंडन येथे मात्र संशय वेगळाच होता. पाण्यात ग्लुकोज तर घालीत नाहीत ना, अशी विचारणा चर्चिलसाहेबांनी व्हाइसरॉयांकडे केली. तसा कोणताही पुरावा मिळाला नाही. ज्या वर्षी बंगालात लाखो माणसे भुकेने मेली त्याच वर्षी साम्राज्याचा प्रधान एका म्हाताऱ्याच्या पेल्यातली साखर मोजू पाहत होता.

मोसंबीच्या त्या रसाचे शास्त्रही त्याच सुमारास तयार होत होते. समुद्रात जहाज बुडाल्यावर तराफ्यावर तगणाऱ्या खलाशांना काय द्यावे, याचा अभ्यास अमेरिकेत जेम्स गॅम्बल करीत होते. रोज शंभर ग्रॅम साखर पोटात गेली तर मांसाची तोड निम्म्यावर येते, असे त्यांना दिसले. गांधीजींच्या पेल्यात शंभर ग्रॅम साखर खासच नव्हती. पण थोडी साखर आणि पोटात ठरलेले पाणी त्या देहाला पुरले. आपल्या पाचोडच्या बाजारात ज्या मोसंबीचे ढीग पडतात तिची एवढी थोरवी आम्हांस आधी ठाऊक नव्हती.

साने गुरुजींचे उपोषण याच दृष्टीने पाहा. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून तनपुरे महाराजांच्या मठात ते बसले आणि दहा-अकरा दिवसांत यश आले. दहा दिवस हा आकडा लहान दिसतो. पण हेच ते पहिले महागाचे दिवस, ज्यांत मांस सर्वांत वेगाने जाते. कृश प्रकृतीच्या माणसाने ते दिले, ही किंमत पंढरीच्या पायरीवर मोजली गेली.

लांबलेल्या उपोषणांचे आकडे पाहिले तर ते विलक्षण जवळजवळ येतात. जतींद्रनाथ दास लाहोरच्या तुरुंगात १३ सप्टेंबर १९२९ रोजी गेले, त्रेसष्टाव्या दिवशी. त्यांच्या बाबतीत मात्र नळीने बळजबरीने दूध घालताना फुफ्फुसाला इजा झाली होती, हे विसरता कामा नये. पोट्टी श्रीरामुलू आंध्र राज्यासाठी मद्रासला १५ डिसेंबर १९५२ रोजी गेले, अठ्ठावन्न दिवसांनी. आयर्लंडचे मॅक्स्वीनी १९२० साली चौऱ्याहत्तराव्या दिवशी गेले, आणि १९८१ साली तेथेच दहा तरुण ४६ ते ७३ दिवसांच्या दरम्यान मरण पावले. देश वेगळे, कारणे वेगळी, पण शेवट या एका पट्ट्यात. याचा हिशेब कोणासही मांडता येईल. अंगावर दहा किलो चरबी आहे असे समजा. त्यांतली दोन किलो तर शरीराच्या घडणीतच गुंतलेली. उरलेल्या आठ किलोंचे बहात्तर हजार उष्मांक. पडून राहणारा उपाशी माणूस दिवसाला सुमारे तेराशे खर्चतो. भागाकार करा, पंचावन्न दिवस येतात. उलट बाजूही आहे. स्कॉटलंडमध्ये १९६५-६६ साली अंगस बार्बिएरी नावाचा अतिलठ्ठ तरुण डॉक्टरांच्या देखरेखीखाली जीवनसत्त्वे व क्षार घेत ३८२ दिवस अन्नाविना राहिला आणि हिंडता-फिरता राहिला. त्याची कणगी तेवढी मोठी होती.

येथे एका वेगळ्या अन्नत्यागाचा उल्लेख करणे उचित होईल. आपल्या गावात मुनिसुव्रतनाथांचे दिगंबर जैन क्षेत्र आहे, म्हणून श्रोत्यांपैकी काहींना आचार्य शांतिसागर यांची सल्लेखना ठाऊक असेल. धाराशिव जिल्ह्यातल्या कुंथलगिरीवर १९५५ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी त्यांनी आहार सोडला आणि छत्तिसाव्या दिवशी, १८ सप्टेंबरला, देह ठेवला. त्यास उपोषण म्हणणे गैर. तेथे कोणापाशी काही मागणे नव्हते. व्रताची मीमांसा करण्याचा आमचा अधिकार नाही. देहापुरते सांगायचे तर मुळात कमी खाणारे, कमी हालणारे, मनाने शांत असलेले शरीर आपला खर्च फार खाली आणू शकते. आमच्या गेटवर यातली एकही गोष्ट नसते. तेथे ध्वनिक्षेपक असतो, घोषणा असतात, रात्रभर पोलिसांची गाडी उभी असते.

आता ते गेट. पंचवीसएक वर्षे झाली. जिल्ह्यातल्या एका कारखान्यात हमालीच्या दरावरून झगडा होता. आम्ही तेव्हा नवे होतो आणि बोलणी अडली की आमरण उपोषण, एवढेच शस्त्र आम्हांस दिसे. तिघे बसले. त्यांतला एक आडव्या बांध्याचा, दुसरा मध्यम, आणि तिसरे एक हमाल, ज्यांना सगळे मामा म्हणत. मामा काठीसारखे वाळलेले, पण क्विंटलचे पोते पाठीवर घेऊन फळीवरून चढत. त्यांनी आपण होऊन नाव दिले. म्हणाले, "आमाला उपासाची सवय हाय, साहेब. तुम्ही त्या जाड्याला सांभाळा." आम्हांसही तसेच वाटले. जाडा तिसऱ्याच दिवशी कण्हू लागला, मामा मात्र दहाव्या दिवशीही चटईवर बसून भजन म्हणत होते. त्यावरून आम्ही ठरवले की मामा दणकट आहेत. बसण्यापूर्वी त्यांना कोणी तोलले नाही. ज्या माणसाने जन्मभर पोती वजनकाट्यावर चढवली त्याला एकदा त्याच काट्यावर उभे करावे, हे आम्हांपैकी कोणाच्याही मनात आले नाही.

चौदाव्या दिवशी तडजोड झाली. दरात थोडी वाढ मिळाली. फुलांचे हार आले, रसाचे पेले आले, फोटो झाले. त्या रात्री वस्तीवर मामांना पाटावर बसवून पुरी आणि शिरा वाढला. आम्हीही त्या पंक्तीला होतो आणि "मामा, अजून घ्या" असे म्हणणाऱ्यांत आमचा आवाज मोठा होता. तिसऱ्या दिवशी त्यांचे पाय सुजले. चौथ्या दिवशी दम लागू लागला, डोळ्यांपुढे दोन-दोन माणसे दिसू लागली. औरंगाबादला नेले. तेथल्या एका तरुण डॉक्टराने पहिला प्रश्न विचारला तो किती दिवस उपाशी होते हा नव्हे. त्याने विचारले, "जेऊ कोणी घातले?"

मामा वाचले. पण पुढे त्यांनी क्विंटलचे पोते उचलले नाही. नव्या दराचा फायदा ज्यांना झाला त्यांत ते नव्हते. हमाली पोत्यावर मिळते. त्यांनी आम्हांस कधी एका शब्दाने दोष दिला नाही. तेव्हापासून आम्ही हा विषय वाचू लागलो. डॉक्टर मंडळींना प्रश्न विचारून भंडावले, वाचनालयातल्या इंग्रजी पुस्तकांतले शब्द शब्दकोशात शोधले.

काय चुकले ते मग उलगडत गेले. पहिली चूक, वाळलेल्या माणसाला दणकट समजलो. काहिल यांचे रुग्ण लठ्ठ होते, म्हणून त्यांच्या मांसाची तोड वीस ग्रॅमपर्यंत उतरली. लेव्हान्झिन सडपातळ होता आणि एकतिसाव्या दिवशीही त्याचा नत्र सातच्या खाली विशेष गेला नाही, म्हणजे चाळीसहून अधिक ग्रॅम प्रथिने रोज जातच होती. ज्याच्या अंगावर चरबी भरपूर त्याचे मांस चरबी राखते. ज्याची कणगी रिकामी त्याचे वासे पहिल्यापासून जळतात आणि शेवटपर्यंत जास्त वेगाने जळतात. म्हणजे हडकुळ्या माणसाला दुहेरी तोटा. दिवसही कमी आणि प्रत्येक दिवसाची किंमतही जास्त. जाडा कण्हत होता तो सवय मोडल्यामुळे. त्याचे भांडवल शाबूत होते. मामांचा उत्साह त्यांच्या मनाचा होता, आणि आम्ही तो अंगाचा समजलो.

माझ्या मायच्या बांगड्यांचे कोडेही येथेच सुटले. पूर्ण उपास आणि अर्धपोटी राबणे या वेगळ्या अवस्था आहेत. अमेरिकेत मिनेसोटा येथे अँसेल कीज यांनी १९४४-४५ साली छत्तीस धडधाकट स्वयंसेवकांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले होते. त्यांचे वजन सुमारे पाव हिश्शाने घटले, मांस वितळले आणि पायावर सूज आली. रोज थोडे धान्य पोटात जाते म्हणून शरीर उपासाच्या काटकसरीवर पुरते उतरत नाही, आणि अंगमेहनत तर चालूच असते. दुष्काळी कामावरची बाई अशी महिनोन्‌महिने आपल्याच दंडाचे मांस खडीत घालीत होती. पुढे वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी उभी राहिली, तिच्या दराचा वाद आम्ही पुष्कळदा केला आहे. दर ठरवताना कामाची घनफुटे मोजतात. दंडाचा घेर कोणी मोजीत नाही.

दुसरी चूक शिऱ्याची. लांबलेल्या उपासानंतर एकदम गोड-पिठूळ अन्न पोटात गेले की रक्तात इन्सुलिन उसळते आणि रक्तातला फॉस्फरस, पोटॅशियम पेशींच्या आत ओढला जातो. शरीरात या क्षारांचा साठा उपासाने आधीच खंगलेला. रक्तात तर काही उरतच नाही. हृदय अडखळते. साखर जाळायला थायमिन हे जीवनसत्त्व लागते, तेही संपलेले, म्हणून डोळे आणि तोल बिघडतो. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान्यांच्या छावण्यांतून आणि युरोपातल्या बंदिवासांतून सुटलेली माणसे मायेने वाढलेल्या जेवणाने मेली, तेव्हा डॉक्टरांचे याकडे लक्ष गेले. आजचा दंडक असा की धोक्यातल्या माणसाला आरंभी दर किलो वजनामागे दहा उष्मांकांहून अधिक देऊ नये, आणि थायमिन अन्नाच्या आधी द्यावे. पंचेचाळीस किलोच्या मामांना पहिल्या दिवसाला साडेचारशे उष्मांक पुरले असते. त्या रात्रीचा शिराच तेवढ्याहून अधिक होता.

आता आमच्या युनियनमध्ये आमरण उपोषणाचा ठराव सहसा होत नाही. साखळी उपोषण होते. काही मित्र त्यास नाटक म्हणतात. म्हणोत. एका दिवसाच्या पाळीत यकृतातले सुटे पैसे खर्च होतात, वासे शाबूत राहतात, आणि मांडव महिनाभर उभा राहतो. ज्यांना दीर्घ उपोषणच करायचे आहे, आणि २०२३ साली शेजारच्या अंतरवाली सराटीने दाखवले की त्याची धार अजून गेलेली नाही, त्यांच्यासाठी आमच्या अटी ठरलेल्या आहेत. बसणाऱ्यास आधी काट्यावर उभे करायचे. हडकुळ्यास, मधुमेह्यास, पोटात व्रण असलेल्यास बसू द्यायचे नाही, मग तो कितीही रागावो. पाणी आणि मीठ चुकवायचे नाही. रोज वजन, रोज नाडी, दहा दिवसांनंतर रोज डॉक्टर. आणि सोडण्याचा दिवस हा बसण्याच्या दिवसापेक्षा जोखमीचा मानायचा.

तो दिवस आला की मोसंबीचा रस लागतोच, पुढारी लागतात, फोटोही लागतो. रसात निम्मे पाणी घालतात आणि अर्धा पेला देतात, पुढचा दोन तासांनी. तो पेला भरण्याचे काम मामांकडे आहे. सत्तरी ओलांडली आहे, काठी घेऊन येतात आणि मांडवाच्या कडेला तांब्या घेऊन बसतात. मागे एका मोठ्या पाहुण्यांनी अर्धा पेला पाहून फोटोसाठी पुरा भरून मागितला. मामांनी तांब्या मागे घेतला आणि म्हणाले, "फोटोला पायजे तर तुमी प्या की, साहेब."